न दिसणारा घसारा
यांत्रिक क्रोनोग्राफ घड्याळांची झीज आणि निगा

बँकेत काम करणाऱ्यांना आणि बँकेशी नित्य व्यवहार ठेवणाऱ्या व्यावसायिकांना 'घसारा' हा शब्द नवा नाही. वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना यंत्रसामग्रीच्या किमतीतून ठरावीक रक्कम घसाऱ्यापोटी वजा केली जाते आणि विषय संपतो. प्रत्यक्षात मात्र घसारा ही वहीतील नोंद नसून यंत्राच्या पोटात चालणारी क्रिया आहे. धातूवर धातू घासतो, वंगण आटते, दाते झिजतात. ही क्रिया जितकी सूक्ष्म, तितकी ती उशिरा लक्षात येते. मनगटावर बांधल्या जाणाऱ्या यांत्रिक घड्याळात, आणि त्यातही क्रोनोग्राफ या गुंतागुंतीच्या घड्याळात, ती जवळजवळ अदृश्य असते.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका कौटुंबिक प्रसंगामुळे. माझे मामा व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते. १९७२ साली सिंगापूरच्या बंदरात त्यांनी एक स्विस क्रोनोग्राफ विकत घेतले आणि पुढे निवृत्तीपर्यंत ते त्यांच्या मनगटावरून क्वचितच उतरले. १९९८ मध्ये मामा गेले. मामींनी ते घड्याळ दागिन्यांसोबत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. तेथे ते तेरा वर्षे सुखरूप होते. २०११ मध्ये मामेभावाने ते बाहेर काढले, चावी दिली आणि आश्चर्य म्हणजे ते तत्काळ चालू लागले. वेळही बरोबर दाखवू लागले. वडिलांची आठवण म्हणून तो ते रोज वापरू लागला. सातआठ महिन्यांनी एक विचित्र गोष्ट घडली. वरची कळ दाबली की मधला मोठा काटा धावू लागे, पण थोड्याच वेळात तो काटा आणि त्याच्याबरोबर संपूर्ण घड्याळच थांबे.

"तेरा वर्षं पडून होतं तेव्हा काही झालं नाही, आणि मी वापरायला काढलं तर बिघडलं. माझ्याच हातानं बिघडलं," असे तो खंतावून म्हणाला. घड्याळ ठेवल्यामुळे बिघडले की वापरल्यामुळे, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे यंत्र समजून घेतले पाहिजे.

काळ लिहिणारे यंत्र

क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवतानाच, मागणी करताच एखाद्या घटनेचा कालावधीही मोजून देणारे घड्याळ. ग्रीक भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा' असा आहे आणि तो एके काळी शब्दशः खरा होता. १८२१ साली पॅरिसमधील घोड्यांच्या शर्यतींत निकोला रिसेक या घड्याळजींनी जे यंत्र वापरले, ते प्रत्येक घोडा अंतिम रेषा ओलांडताच तबकडीवर शाईचा ठिपका उमटवत असे. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मोआने यांनी सेकंदाचा साठावा भाग मोजणारे यंत्र आकाशनिरीक्षणासाठी पूर्ण केले होते. मोजणारा काटा कळ दाबताच क्षणार्धात शून्यावर परतावा, यासाठी लागणाऱ्या हृदयाच्या आकाराच्या चकतीचे पेटंट अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये घेतले. आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही काटा शून्यावर आणण्याचे काम तीच बदामी चकती करते.

येथे एक गोंधळ दूर केलेला बरा. क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर हे दोन वेगळे शब्द आहेत. क्रोनोमीटर ही अचूकतेच्या अधिकृत चाचणीत उतरलेल्या घड्याळाला मिळणारी पदवी आहे. स्वित्झर्लंडमधील चाचणीत मनगटी घड्याळाच्या यंत्राची सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद या मर्यादेत असावी लागते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दहा सेकंदांची चूकही सुमारे ०.०१२ टक्के एवढीच भरते. कमानीच्या आणि दातेरी चाकांच्या बळावर चालणाऱ्या यंत्राकडून आपण किती कडक हिशेबाची अपेक्षा ठेवतो, हे यावरून ध्यानात यावे.

अशा यंत्राची खरी कसोटी एप्रिल १९७० मध्ये लागली. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाल्यावर वीज वाचवण्यासाठी बहुतेक उपकरणे बंद करावी लागली. पृथ्वीकडे परतताना यानाची दिशा किंचित दुरुस्त करण्यासाठी इंजिन नेमके १४ सेकंद चालवायचे होते. तो कालावधी अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरील चावीच्या ओमेगा स्पीडमास्टर क्रोनोग्राफवर मोजला. हे घड्याळ १९६५ मध्ये उष्णता, थंडी, आर्द्रता, धक्के, निर्वात अशा कठोर चाचण्यांतून पार पडल्यानंतरच अंतराळवीरांसाठी स्वीकारले गेले होते. आपल्या मनगटावरील घड्याळावर असा प्रसंग येणार नाही. परंतु गरजेच्या क्षणी यंत्राने साथ द्यायची असेल, तर त्याची निगा त्या क्षणाच्या फार आधी घ्यावी लागते, हा त्यातील बोध सर्वांना लागू पडतो.

झीज होते कोठे?

यांत्रिक घड्याळात गुंडाळलेली कमान उलगडताना चाकांच्या मालिकेला फिरवते आणि मागेपुढे झुलणारे तोलचक्र त्या गतीला शिस्त लावते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ही या शिस्तीचाच आवाज. अनेक जुन्या चावीच्या घड्याळांत तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. १९७४ मध्ये बाजारात आलेल्या आणि आजही असंख्य क्रोनोग्राफमध्ये आढळणाऱ्या व्हालजू ७७५० या यंत्रात ते २८,८०० आहेत, म्हणजे सेकंदाला आठ. या हिशेबाने दिवसाला ६,९१,२०० ठोके पडतात आणि वर्षाला पंचवीस कोटींहून अधिक. इतकी अखंड चाकरी आपण घरातील दुसऱ्या कोणत्या यंत्राकडून घेत असू?

हा सारा भार चाकांच्या आसांची टोके पेलतात. तोलचक्राच्या आसाचे टोक साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीचे असते. ते कृत्रिम माणकाच्या छिद्रात फिरते. त्यासाठीच घड्याळात माणके बसवतात. ती शोभेसाठी नसतात. माणिक कठीण आणि गुळगुळीत असल्याने घर्षण कमी होते. या दोहोंमध्ये टाचणीच्या टोकाहूनही लहान असा तेलाचा थेंब असतो. घड्याळाचे आयुष्य त्या थेंबावर अवलंबून असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कालांतराने हे तेल घट्ट होते, पसरते किंवा सुकते. मग पोलादी टोक जवळजवळ कोरडे फिरू लागते. झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण उरल्यासुरल्या तेलात मिसळतात आणि त्यांचा एक प्रकारचा लेप तयार होतो. जे वंगण होते तेच आता घासकागदासारखे काम करू लागते. जाणकार घड्याळजींना माणकाभोवती साचलेली तांबूस, गंजाच्या रंगाची भुकटी दिसली की आतील अवस्था लगेच कळते.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की, एवढे होऊनही घड्याळ वेळ बरोबर दाखवू शकते. तोलचक्राचा झोका लहान झाला तरी त्याचा ताल बराच काळ टिकून राहतो. म्हणूनच 'घड्याळ बरोबर चालते आहे, मग उघडायचे कशाला?' हा युक्तिवाद वरकरणी पटणारा असला तरी घातक आहे. खात्यातील शिल्लक रोज तीच दिसावी आणि आत कोठे तरी गळती चालू असावी, तसा हा प्रकार असतो.

कळ दाबल्यावर काय घडते?

साध्या घड्याळात वरील झीज होतेच; क्रोनोग्राफमध्ये तिच्यात आणखी भर पडते. कळ दाबताच एक तरफ सरकते आणि सतत चालणारी चाके क्रोनोग्राफच्या चाकाला जोडली जातात. ही जोडणी, म्हणजे क्लच, मुख्यतः दोन पद्धतींची असते. जुन्या पद्धतीत एक दातेरी चाक बाजूने येऊन दुसऱ्यात गुंतते. दाते नेमके एकमेकांसमोर आले तर काटा निघताना किंचित उसळी मारतो. हा दोष नव्हे, त्या रचनेचा स्वभाव आहे. दुसऱ्या पद्धतीत मोटारीच्या क्लचप्रमाणे चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे काटा अलगद निघतो. मनगटी घड्याळांतील स्वयंचलित क्रोनोग्राफ १९६९ साली प्रथम बाजारात आले. त्यांपैकी जपानच्या सायकोने ही उभी क्लच वापरली होती.

बाजूने गुंतणाऱ्या रचनेत क्रोनोग्राफ चालू असेपर्यंत त्याचा भार मूळ यंत्रावर पडतो आणि तोलचक्राचा झोका कमी होतो. निरोगी घड्याळ हा भार सहज पेलते. आतील तेल सुकलेले असेल तर मात्र ते धापा टाकू लागते आणि शेवटी थांबते. मामांच्या घड्याळाचे नेमके हेच झाले होते. दोष कळेत नव्हता, क्रोनोग्राफमध्येही नव्हता. क्रोनोग्राफच्या जादा ओझ्याने मूळ यंत्राचा अशक्तपणा उघड झाला, एवढेच. म्हणून मधला काटा दिवसभर शोभेसाठी धावता ठेवण्याची सवय या रचनेच्या घड्याळांच्या बाबतीत टाळावी. उभ्या क्लचच्या घड्याळाला त्याचा त्रास बराच कमी होतो. उलट महिनोन्महिने कळेला हातच न लावणे हेही बरे नाही. अधूनमधून ती वापरल्यास तरफा मोकळ्या राहतात.

काटा शून्यावर आणताना एक छोटी हातोडी त्या बदामी चकतीवर आदळते आणि काट्याला एका झटक्यात जागेवर आणते. सर्वसाधारण क्रोनोग्राफमध्ये काटा धावत असताना शून्यावर आणण्याची कळ जोराने दाबणे म्हणजे चालत्या गाडीचा गिअर बळाने उलटा टाकण्यासारखे आहे. आधी थांबवावे, मग शून्यावर आणावे. 'फ्लायबॅक' नावाची खास रचना असलेली घड्याळे तेवढी याला अपवाद आहेत. थांबल्यावर काटा बरोबर बाराच्या खुणेवर येत नसेल, तर तो आसावर किंचित फिरला असल्याची शक्यता असते. तो बोटाने सरळ करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

ठेवले म्हणून की वापरले म्हणून?

मामेभाऊ आणि मी ते घड्याळ एका वयोवृद्ध घड्याळजींकडे घेऊन गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिले. मग त्यांनी ते भिंग भावाच्या हाती दिले. दोन माणकांभोवती ती तांबूस भुकटी स्पष्ट दिसत होती.

"तुम्ही वापरलंत म्हणून हे बिघडलं नाही," घड्याळजी म्हणाले. "लॉकरमध्ये होतं तेव्हा याची झीज थांबलेली होती, पण तेल सुकत होतं. तुम्ही ते कोरडंच चालवलंत. बाहेर काढल्याबरोबर आधी माझ्याकडे आणलं असतं, तर नुसत्या सफाईवर भागलं असतं."

लॉकरमध्ये मौल्यवान घड्याळ ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. लॉकर चोरीपासून आणि हरवण्यापासून जपतो. काळापासून जपत नाही. तेलाचे वय घड्याळ चालले त्या दिवसांवरून नव्हे, तर ते घातले त्या दिवसापासून मोजावे लागते. म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेले घड्याळ हाती आल्यास, चावी देऊन पाहण्याचा मोह आवरून आधी ते तपासून घ्यावे. ठेवण्यापूर्वी चामड्याचा पट्टा काढून वेगळा करावा, कारण दमट हवेत त्याला बुरशी लागते. घड्याळ कोरडे पुसून मऊ कापडात गुंडाळावे आणि सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. शेवटची सफाई कधी झाली, हे एका चिठ्ठीवर लिहून ती सोबत ठेवल्यास पुढच्या पिढीवर मोठे उपकार होतील. मामांनी अशी चिठ्ठी ठेवली असती, तर आम्ही सावध झालो असतो.

पाणी, घाम आणि चुंबक

आपल्या देशाचे हवामान घड्याळांना फारसे अनुकूल नाही. मुंबई, चेन्नई, कोलकाता यांसारख्या शहरांतील दमट हवा, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खारा वारा, राजस्थानातील बारीक धूळ आणि सर्वत्र येणारा घाम यांपासून यंत्राचे रक्षण करतात ती झाकणाखालची, चावीभोवतीची आणि कळांभोवतीची रबरी कडी. क्रोनोग्राफला दोन कळा अधिक असल्याने आत शिरण्याच्या वाटाही अधिक असतात. ही कडी काळानुसार कडक होतात. घड्याळावर '३० मीटर' असे लिहिलेले असले, तरी ते घालून पोहता येते असा त्याचा अर्थ नसतो. तो आकडा स्थिर दाबाखालील चाचणीचा असतो. पाऊस आणि हात धुताना उडणारे शिंतोडे यांपलीकडे त्यावर विसंबू नये. पाण्याखाली कळा दाबू नयेत. काचेच्या आतून धुके दिसले तर घड्याळ उन्हात ठेवून वाट पाहू नये, त्याच दिवशी घड्याळजींकडे न्यावे. पोलादाला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरा शत्रू चुंबक. मोबाइलचे आणि संगणकाचे ध्वनिवर्धक, पिशव्यांची व पाकिटांची चुंबकी बटणे यांच्या सान्निध्यात पोलादी भाग चुंबकित होऊ शकतात. तोलचक्राच्या केसासारख्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांना चिकटू लागले, की घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते. सुदैवाने यावरचा उपाय सोपा आहे. चुंबकत्व घालवण्याचे छोटे यंत्र हे काम काही क्षणांत करते. त्यामुळे पुढे पळणाऱ्या घड्याळाची आधी ही तपासणी करून घ्यावी. मोठ्या खर्चाची धास्ती त्यानंतर घ्यावी.

घड्याळजींकडे गेल्यावर

संपूर्ण सफाई म्हणजे घड्याळ उघडून वरून तेलाचे दोन थेंब सोडणे नव्हे. क्रोनोग्राफचे दोनशेहून अधिक भाग सुटे करावे लागतात. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्रात ते धुतले जातात, प्रत्येक आस आणि दाता भिंगाखाली तपासला जातो, झिजलेले भाग बदलले जातात आणि जोडणी करताना ठिकठिकाणी वेगवेगळ्या घट्टपणाची तेले घातली जातात. तेल कोठे घालायचे याइतकेच ते कोठे घालायचे नाही, हेही महत्त्वाचे असते. चाकांचे दाते, उदाहरणार्थ, कोरडेच ठेवले जातात. त्यानंतर टिकटिक ऐकून मोजणाऱ्या उपकरणावर घड्याळाचा वेग आणि तोलचक्राचा झोका तपासतात. पूर्ण चावी दिलेले निरोगी घड्याळ आडवे ठेवले असता हा झोका साधारणपणे २७० ते ३०० अंशांचा असतो. क्रोनोग्राफ चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींतील आकडे ग्राहकाने अवश्य विचारावेत.

अशी सफाई किती वर्षांनी करावी? निर्मात्यांच्या शिफारशी ढोबळमानाने पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान असतात. घड्याळाचे वय, वापर आणि आपले हवामान पाहता अलीकडची मर्यादा पाळणे शहाणपणाचे. काम देताना अंदाजपत्रक लेखी घ्यावे, बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पावती जपून ठेवावी. जुने घड्याळ असेल तर 'पॉलिश करू नका, तबकडी रंगवू नका' असे स्पष्ट सांगावे. चकाकी येते, पण मूळ कडा आणि मूळ खुणा जातात. त्यांच्याबरोबर घड्याळाची किंमतही कमी होते.

सुटे भाग मिळणे ही पुढची अडचण असते आणि त्याबाबतीत एक हकिकत सांगण्याजोगी आहे. १९७० च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत यांत्रिक घड्याळांचे अनेक कारखाने संकटात आले. १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेनिथ कंपनीत यांत्रिक उत्पादन थांबवण्याचा आणि त्याची साधने निकालात काढण्याचा आदेश आला. तेथील चार्ल्स व्हेर्मो या कर्मचाऱ्याने 'एल प्रिमेरो' या क्रोनोग्राफ यंत्राची साधने आणि आराखडे गुपचूप माळ्यावर लपवून ठेवले. १९८० च्या दशकात मागणी परतली, तेव्हा त्या साठ्यामुळेच उत्पादन पुन्हा सुरू करणे शक्य झाले. एका कर्मचाऱ्याने जपलेल्या वस्तूंवर एका संस्थेचे भवितव्य उभे राहिले.

हे लक्षात असू द्यावे

– चावी रोज साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ हातातून काढून द्यावी. अडथळा जाणवताच थांबावे.
– तारीख दाखवणाऱ्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके गुंतलेली असतात.
– वरची कळ सुरू आणि बंद करण्यासाठी, खालची शून्यावर आणण्यासाठी. हा क्रम मोडू नये.
– पाण्यापासून संरक्षणाची तपासणी दर एकदोन वर्षांनी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी.
– क्रोनोग्राफ सुरू करताच घड्याळ मागे पडू लागले किंवा थांबले, तर ते वापरणे त्याच दिवशी बंद करावे.

मामांच्या घड्याळाची दुरुस्ती पाच महिने चालली. एक चाक जुन्या यंत्रातून मिळवावे लागले, एका आसाचे टोक घड्याळजींनी स्वतः घासून नीट केले. वेळेवर केलेल्या सफाईला जेवढा खर्च आला असता, त्याच्या कित्येक पट खर्च आला. आता ते घड्याळ पुन्हा चालते. मामेभाऊ ते रोज वापरत नाही, पण लॉकरमध्येही ठेवत नाही. दर रविवारी सकाळी तो चावी देतो, वरची कळ दाबतो, गॅसवर चहा उकळेपर्यंत काटा धावू देतो आणि मग तो थांबवून शून्यावर आणतो. घड्याळाच्या डबीत एक चिठ्ठी आहे. तीवर सफाईची तारीख, घड्याळजींचे नाव आणि पुढच्या सफाईचे वर्ष त्याच्या अक्षरात लिहिलेले आहे. खाली थोडी जागा त्याने मोकळी सोडली आहे. पुढची नोंद कदाचित त्याच्या मुलीच्या अक्षरात होईल.